उद्यापासून यिऊ नको

मन्मथअप्पांना कुणावर ओरडायचं असलं की ते आधी डोळ्यांवरचा चष्मा काढायचे आणि ज्याच्यावर ओरडायचं, त्याच्याच हातात द्यायचे. "धर," एवढंच म्हणायचे. त्यामागं कारण होतं. ओरडताना त्यांची मान अशी काही हलायची की चष्मा उडून जायचा. एक चष्मा तुरीच्या ढिगात गेला तो सापडलाच नाही. दुसरा चाळणीच्या मशीनमध्ये गेला आणि तुरीसारखाच भरडून बाहेर आला. मग काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, ही शिस्त लावून दिली. गुन्हेगारानं चष्मा दोन्ही हातांत धरून मान खाली घालून उभं राहायचं. ओरडून झालं की अप्पा न बघताच हात पुढं करायचे, चष्मा घ्यायचे, उपरण्यानं पुसून डोळ्यांवर चढवायचे आणि चहा सांगायचे. गुन्हेगारालाही.

लातूरच्या एमआयडीसीत त्यांची दाळ मिल होती. मी औशाहून रोज एसटीनं तिथं कॉम्प्युटरवर बिलं करायला जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर येऊन चष्मा काढला आणि म्हणाले, "धरा." मला वाटलं, नव्या माणसाचा मान म्हणून काहीतरी पद्धत असेल. मी हसून घेतला. पुढचं मला नीटसं आठवत नाही. कॉम्प्युटरवर ठेवलेला माझा डबा हा विषय होता, एवढं नक्की. शेवटी ते म्हणाले, "उद्यापासून यिऊ नका!" मी डबा उचलला, पर्स उचलली आणि डोळे पुसत फाटकापर्यंत गेले.

फाटकात व्यंकट मिस्त्री उभे होते. मिलची सगळी मशिनं त्यांच्या हाताखाली. चाकूरजवळच्या एका खेड्यातून रोज यायचे, अप्पांच्याच वयाचे. माझ्याकडं बघून म्हणाले, "कुठं निघाल्या, मॅडम?"

"उद्यापासून येऊ नका म्हणाले."

"मग आज कामून चालल्या? अन् उद्या वेळेवर या. उशीर झाला की लई वरडतात."

हळूहळू मला कळलं की आमच्या मिलमध्ये 'उद्यापासून यिऊ नको' म्हणजे दुसरीकडं जसा रामराम, तसं होतं. हमाल संध्याकाळी घरी जाताना एकमेकांना विचारायचे, "तुला आज यिऊ नको म्हणले का?" एखाद्याला आठवडाभर कुणी म्हटलं नाही की तो कासावीस व्हायचा. आपल्यावर अप्पांचा काही राग तर नाही ना, असं त्याला वाटायचं.

अप्पांना स्वतःला मात्र आपण ओरडतो हे ठाऊकच नव्हतं. "मी वरडत न्हाई, मी सांगून राहिलो!" असं ते सांगायचे, आणि ते ऐकून रस्त्यापलीकडची कुत्री उठून उभी राहायची. शाबासकीही त्याच आवाजात. एका हमालानं भिजायला आलेले तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, पावसातून आत ओढले, तर अप्पा त्याच्यावर असे तुटून पडले की तो थरथरायला लागला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला बक्षीस मिळालं आहे. फोनवर बोलताना तर विचारायलाच नको. नांदेडचे एक व्यापारी एकदा म्हणाले होते, "अप्पा, फोन ठिवा. खामखा पैसे जाऊन राहिले, तुमचा आवाज असाच येऊन राहिलाय."

लोक म्हणतात, ओरडणाऱ्या माणसाचं मन स्वच्छ असतं. मला हे कधीच पटलेलं नाही. मन स्वच्छ असलेली शांत माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती ऐकायला जास्त बरी वाटतात. अप्पा कुणाचं वाईट करत नसत हे खरं. पण त्यांच्या तावडीतून सुटल्यावर माझे हात अर्धा तास कीबोर्डवर नीट चालत नसत, हेही तितकंच खरं. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या मुलींची नावंसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हती, इतक्या त्या भराभर गेल्या होत्या.

मी टिकले ती मिस्त्रींमुळं. त्यांनी मला तंत्र शिकवलं. "मॅडम, तुमच्याकडं नळाला पाणी कवा येतं?"

"येतं आठवड्यातून एकदा."

"आलं की तुमी काय करता? नळावर चिडता का? हंडे लावता. बंद झालं की आपल्या कामाला लागता. अप्पाचं तसंच हाय. आलं की 'हाव अप्पा' मनायचं, दम खायला थांबले की पुन्हा 'हाव अप्पा' मनायचं. मधल्या टायमात आपण आपल्या वावरात एक चक्कर मारून यायचं."

आणि खरोखर, अप्पांसमोर चष्मा धरून उभे असले की मिस्त्रींच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा यायचा. ते तेव्हा आपल्या सोयाबीनमध्ये असायचे. मला वावर नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात औशाच्या बाजारात भाजी घेऊन यायचे.

अप्पांच्या आवाजाची कीर्ती पुढं पुढं इतकी झाली की लोक तो मागायला येऊ लागले. शेजारी तेलाचा कारखाना होता. त्या शेठचा मेव्हणा तिथं मॅनेजर होता आणि दिवसभर मोबाईलवर क्रिकेट बघायचा. शेठना त्याला बोलता येईना, कारण बोललं की संध्याकाळी घरात जेवण वाढलं जात नसे. ते अप्पांकडं आले. "अप्पा, एकडाव तुमी जरा सांगा त्याला."

अप्पांना हे काम मनापासून आवडलं. ते धोतर झटकून निघाले, आणि आम्ही सगळे भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो. आत गेल्या गेल्या अप्पांनी चष्मा काढला, जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला आणि सुरू झाले. "ऐतखाऊ! दुसऱ्याच्या जिवावर गादीवर बसून राहिला! लाज कशी न्हाई वाटत?" जवळ उभे होते ते खुद्द शेठ. चष्म्याशिवाय अप्पांना माणूस आणि तेलाचा डबा यांतला फरक कळत नसे. शेठ मधे बोलायला तोंड उघडायचे आणि अप्पा म्हणायचे, "उलट बोलू नको!" मेव्हण्यानं मोठ्या सहानुभूतीनं शेठसाठी पाणी मागवलं. पण गंमत अशी, की दुसऱ्या दिवसापासून मेव्हणा वेळेवर यायला लागला. मालकाचीच ही गत होते तर आपलं काय होईल, असं त्याला वाटलं असणार. शेठनी अप्पांना पेढे पाठवले. आपण त्या दिवशी कुणावर ओरडलो हे अप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

ते तिथंच सांगायला हवं होतं, असं पुढं वाटलं.

मिस्त्रींची एकुलती एक लेक, सुवर्णा, नांदेडला दिलेली. जावई संतोषचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. लग्नानंतर पहिलाच धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, जावयाला आहेर करायचा. मिस्त्रींनी महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. जावयाला पांढरीशुभ्र सफारी शिवली होती. मला रोज विचारायचे, "मॅडम, पांढरा बरा दिसंल ना? पाव्हणं जरा सावळं हाय."

धोंडे जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ते जावयाला घेऊन मिलमध्ये आले. संतोष नव्या सफारीत, कपाळाला गंध, पायांत नवे बूट. मिस्त्री पुढं आणि जावई मागं. "पाव्हणं, हे रोलर. हे मीच बसवलं. ही चाळणी. ही माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाई. ह्या मिलमधी मला इचारल्याबिगर पान हालत न्हाई." बोलणं थोडं चढवून होतं, पण सासरा जावयासमोर चढवून नाही बोलणार तर कुणासमोर बोलणार? संतोष फार बोलणारा नव्हता. पण "हो मामा, हो मामा" करत डोळे मोठे करून बघत होता. मिस्त्रींच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

आता दाळ मिलमध्ये धूळ किती उडते हे मी सांगायला नको. संध्याकाळी आमच्या भुवयासुद्धा पिवळ्या व्हायच्या. चाळणीपाशी येताच मिस्त्रींनी सफारीकडं बघितलं, वर उडणाऱ्या धुळीकडं बघितलं आणि जावयाचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मिल बंद केली.

अख्खी मिल. खट्कन.

इतक्या वर्षांत भर दुपारी ती मिल कधी थांबली नव्हती. त्या शांततेचीच अप्पांना भीती वाटली असणार. ते केबिनमधून धावत आले, चष्मा काढला आणि सगळ्यात जवळच्या माणसाच्या हातात ठेवला. "धर!" तो जवळचा माणूस संतोष होता. मग ते मिस्त्रींकडं वळले. मशिनं थांबल्यावरही माहिती सांगत असलेला मिस्त्रींचा आवाज त्यांनी नेमका ओळखला होता.

"कुनी बंद केली? तुझ्या बापाची मिल हाय का? माल अडकलाय वर, अन् हा हितं जत्रा दाखवून राहिला! म्हातारा झाला तरी अक्कल न्हाई आली तुला! गडी हाईस, गड्यावानी ऱ्हा!"

रोजचंच होतं. खरं सांगते, शब्दसुद्धा रोजचेच. पण रोज मशिनं चालू असायची आणि अर्धे शब्द त्यात विरघळून जायचे. आज एकेक शब्द पत्र्यावर आपटून परत येत होता. मिस्त्री "हाव अप्पा" म्हणाले नाहीत. वावरात चक्करही मारायला गेले नाहीत. ते जावयाकडं बघत होते. आणि जावई पांढऱ्या सफारीत, दोन्ही हातांत तो चष्मा धरून, जमिनीकडं बघत उभा होता.

"उद्यापासून यिऊ नको!" अप्पांनी शेवट केला. हात पुढं केला, चष्मा घेतला, पुसला आणि केबिनकडं जाता जाता म्हणाले, "चहा सांगा रे." संतोषचे हात थोडा वेळ तसेच पुढं राहिले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. अप्पांना आधी राग आला, मग आश्चर्य वाटलं. "सुट्टी मागितली न्हाई, काय न्हाई, व्यंकट येत कामून न्हाई?"

"तुम्हीच येऊ नको म्हणालात," मी म्हणाले.

"ते तर मी रोजच मनतो!"

फोन केला तर मिस्त्री अप्पांचा उचलत नव्हते. माझा उचलला. "मॅडम, अप्पावर माझा राग न्हाई," ते म्हणाले. "लेकरासारखा माणूस हाय त्यो. पर पाव्हण्यासमोर यिऊ नको मनले. आता मी आलो तर पाव्हणं काय मनतील? सासऱ्याला हाकललं तरी सासरा जातोय, लाज न्हाई. जाताना एस्टीत बसेस्तोवर पाव्हणं एक शब्द बोलले न्हाईत. पोरीला इचारलं, तर ती मनती, घरी बी गपच हायेत." मग म्हणाले, "माझ्याकडं बघायचं सोडलं वो त्यांनी, मॅडम. नोकरी गेली तर दुसरी मिळंल. जावयाच्या नजरंतून गेलेला सासरा कुठं परत मिळतोय?"

मी केबिनमध्ये जाऊन अप्पांना सगळं सांगितलं. चष्मा कुणाच्या हातात दिला होता तेही सांगितलं. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्यांना स्वतःला तीन जावई होते. त्यांच्यासमोर अप्पा कसे वागतात हे आम्ही पाहिलेलं होतं. धाकटे जावई आले की अप्पा खोकायलासुद्धा बाहेर जायचे.

"जावई?" ते म्हणाले. "धोंड्याला आलेला जावई?" आणि मग कपाळावर हात मारून, "आरं देवा. मला दिसलंच न्हाई वो, बाई."

पुढच्या आठवड्यात कळलं की संतोषनं सासऱ्याला नांदेडला बोलावून घेतलं आहे. मिस्त्रींना लेकीच्या घरी पाणी पिणंसुद्धा जड जायचं, आणि आता ते तिथं दुकानात स्टुलावर बसून होते. "कीव करून राहिले पाव्हणं," ते फोनवर म्हणाले. मला ते ऐकवलं नाही.

अप्पांनी गाडी काढायला सांगितली. काकूंनी जावयासाठी शर्टपीस, टोपी आणि नारळ बांधून दिला. अप्पा मला म्हणाले, "मॅडम, तुमी चला. मला मऊ बोलता येत न्हाई. माझा आवाज चढला की तुमी खोका."

लातूर ते नांदेड मी खोकत गेले. अप्पांनी गाडीत सराव सुरू केला होता. "व्यंकट, माझं चुकलं!" मी खोकले. "व्यंकट! मनावर घिऊ नको!!" मी पुन्हा खोकले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडं ड्रायव्हर बालाजीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागं वळून रडवेल्या आवाजात विचारलं, "अप्पा, मी काय केलं?"

"आरं, तुला न्हाई मनून राहिलो!"

"बघून तर माझ्याकडंच राहिले."

मग अप्पांनी खिडकीबाहेर बघून माफी मागायचा सराव केला. लोह्याच्या चौकात एक मोटरसायकलवाला उगीचच "सॉरी काका" म्हणून बाजूला झाला.

संतोषचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. पुढं काउंटर, त्यापुढं स्टुलावर मिस्त्री, आणि आत पडद्यामागं संतोष कुणाचा तरी फोन उघडून बसलेला. आम्हाला बघून मिस्त्री उभे राहिले. मान खालीच. मला ते आठवडाभरात दहा वर्षांनी म्हातारे दिसले.

अप्पांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. त्यांना हळू बोलायची सवयच नव्हती, नुसते ओठ हलले.

"काय मनले?" मिस्त्रींनी विचारलं.

अप्पांनी पुन्हा ओठ हलवले. तेवढ्यात मागून ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, पलीकडं कुणाचं तरी शटर खडखडलं. मिस्त्रींनी कानाला हात लावला. अप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धरा." मी खोकले. पण आता उशीर झाला होता.

"चुकलं माझं!" अप्पा ओरडले. "लई चुकलं! जावयासमोर बोललो तुला! मला कळत न्हाई का? मीबी सासरा हाय! माझी मिल तुझ्यामुळं हाय! तुला गडी मनलो, माझ्या तोंडात किडे पडले पायजेत! कामून गप बसला? बोल की!"

गल्लीतली सगळी दुकानं बाहेर आली. शब्द कुणी ऐकतच नव्हतं, सगळे आवाज ऐकत होते. एक जाड माणूस एका गरीब म्हाताऱ्यावर तुटून पडला आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन संतोष काउंटरवरून उडी मारून बाहेर आला.

"ओ! आवाज खाली!"

अप्पा थांबले. त्यांना समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. मला हळूच विचारलं, "कोण बोलून राहिलं?"

"माझ्या सासऱ्यावर वरडायचं काम न्हाई! त्या दिशी तुमच्या दारात होतो मनून ऐकून घेतलं. तुमचा चष्मा धरून उभा राहिलो नंदीबैलावानी! आठ दिस झोप न्हाई मला. मामाकडं बघायला तोंड ऱ्हायलं न्हाई माझं. वाटलं, बापावानी माणूस हाय अन् आपण खांबावानी उभे. आज माझ्या दारात हाव तुमी. हितं माझ्या मामाला कुनी काय बोलायचं न्हाई!"

"आरं, मी माफी मागून राहिलो!"

"अशी मागतात माफी?"

"मला अशीच येती!"

"मग शिका अन् मग या!"

त्या दोघांची अशी जुंपली की गल्ली मोठ्या समाधानानं ऐकत उभी राहिली. अप्पांवर कुणी ओरडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एका क्षणी तर ते "हाव पाव्हणं, हाव" म्हणाले.

आणि व्यंकट मिस्त्री? ते त्या भांडणात नव्हतेच. गर्दीतल्या एकेकाजवळ जाऊन, दंडाला हात लावून, ते सांगत होते, "जावई हाय. माझा जावई. सुवर्णाचा नवरा." शेजारच्या गिरणीवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, ऑटोवाल्याला सांगितलं. ही गल्ली संतोषला लहानपणापासून ओळखत होती, तरी सगळे "आस्सं का" म्हणत होते. मिस्त्री हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. मला राहवलं नाही, मीही रडले. चष्मा हातात असल्यामुळं डोळेसुद्धा पुसता येईनात.

मग चहा झाला. अप्पांनी संतोषला टोपी घातली, शर्टपीस आणि नारळ दिला. संतोषनं वाकून नमस्कार केला. स्क्रू-ड्रायव्हर अजून त्याच्या हातातच होता. सुवर्णानं घरून शिरा पाठवला. सगळं गोडाचं झालं. उठताना अप्पा मिस्त्रींना म्हणाले, "चल मग. गाडीत जागा हाय."

"न्हाई अप्पा," मिस्त्री म्हणाले.

"कामून? माफी पोचली न्हाई का?"

"पोचली की. लोह्यापतोर पोचली असंल." सगळे हसले. पण मिस्त्री पुढं म्हणाले, "पर पाव्हणं माझ्यासाठी भांडले, अप्पा. भर गल्लीत. आता मी परत तितं जाऊन ऐकून घेत बसलो, तर त्यांच्या भांडणाची काय किंमत ऱ्हायली? ही शेजारची पिठाची गिरणी हाय, तिला माणूस पायजे. मंडळीला बी बोलावून घेतो, एक खोली बघतो."

मी अप्पांकडं बघितलं. आता सुरू होणार असं वाटून बालाजी दोन पावलं मागं सरकला. अप्पांनी तोंड उघडलं, आणि समोर संतोष उभा होता. त्यांनी तोंड मिटलं. "बरं," म्हणाले.

परत येताना ते बोलले नाहीत. अहमदपूरला बालाजीनं घाबरून विचारलं, "अप्पा, दवाखान्यात घेऊ का गाडी?"

यानंतर अप्पा बदलले, असं मला लिहायला आवडलं असतं. बदलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच बालाजीकडं चष्मा गेला. नवे मिस्त्री आले आणि गेले. त्यांना 'यिऊ नको' म्हटलं की ते खरोखरच यायचे नाहीत, आणि अप्पा विचारायचे, "हा गेला कामून?" तेवढं एक मात्र झालं, की कुणासोबत पाहुणा दिसला की अप्पा आधी चष्म्यातून त्याला नीट न्याहाळायचे, तुम्ही कुणाचे कोण ते विचारून घ्यायचे, आणि मगच चष्मा काढायचे.

मला पुढं औशातच नोकरी लागली. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला मी केबिनमध्ये गेले तर अप्पा तिथं नव्हते. हमालानं मिलकडं बोट दाखवलं. रोज चार वाजता ते मिस्त्रींना फोन लावतात हे मला ठाऊक होतं. मशिनांपाशीच उभे राहून लावायचे आणि आज कोणतं मशीन काय बोललं यावरून त्यांच्यावर ओरडायचे. मिस्त्रीही पीठ दळत ऐकून घ्यायचे.

मी दारातून बघितलं. रोलर, चाळण्या, सगळं जोरात सुरू होतं. पत्रा थरथरत होता, स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. अप्पा त्या सगळ्याच्या मधोमध पाठ करून उभे होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, फोन लागला नसेल. पुढं जाऊन बघते तर ते खांदे आत ओढून, वाकून, मोबाईलपुढं हाताचा आडोसा करून पुटपुटत होते. मला बघून त्यांनी थांबा अशी खूण केली, आणि फोनवर हात ठेवून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्यंकट मनतो, हळू बोला. जावई चहाला आलेत."

एवढ्या गोंगाटात पलीकडं मिस्त्रींना एक अक्षरही ऐकू जात नसणार. अप्पा पुन्हा पाठ करून उभे राहिले आणि तितक्याच हळू आवाजात पुढं बोलत राहिले.